उसातून चालणारी शाळा

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे एखाद्या ठिकाणी मी धीट वाटण्याची शक्यता आहे आणि तो गैरसमज मला नको. मी पालीला भिते, विजांना भिते, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला भिते. साहेब लोकांना तर इतकी भिते की शाळा तपासणीच्या दिवशी मी स्वतःचीच सही चुकवते. अशा बाईला बदलीत मिळाली ती जुन्नर तालुक्यातली, डिंगोऱ्याच्या बाजूची, चारही अंगांनी ऊस असलेली वस्तीवरची शाळा.

दोन खोल्या, पुढे व्हरांडा, एक हापसा आणि पहिली ते चौथीची मिळून एकवीस पोरं. शिक्षक दोघे, मी आणि सर. सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. माणूस कमी बोलणारा, सगळं सावकाश करणारा. पहिल्या दिवशी मी स्कूटीवरून उतरले तेव्हा त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, तेवढं एक करा. उसाच्या कडेला गाडी लावत जाऊ नका." का, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. मी गाडी ढकलत थेट हापशापाशी नेऊन लावली.

आमच्याकडे बिबट्याला बिबट्या म्हणायची पद्धत नाही. तो शब्द पेपरवाल्यांचा. बोलताना सगळे वाघच म्हणतात. "काल वाघ व्हता बांधावर," हे वाक्य माणसं बिडी पेटवता पेटवता बोलून जातात आणि पुढचं वाक्य टोमॅटोच्या भावाचं असतं. मी दचकले की सगळ्यांना मोठी गंमत वाटायची. एक आजोबा मला म्हणाले होते, "बाई, तो बी हितलाच हाय. तुमच्यासारखी बदली मागता येत न्हाई त्याला." मी हसले, पण घरी जाऊन बदलीचे नियम पुन्हा एकदा वाचून काढले.

त्या वर्षी मात्र गंमत करणारेही गप्प झाले. ऊसतोड सुरू झाली की लपायची जागा जाते आणि वाघ एका फडातून दुसऱ्या फडात सरकत राहतो. आधी कालवडी गेल्या, मग बांधावरच्या शेळ्या, मग एका बाईवर भरदुपारी उडी घेतली. ती वाचली. पण दुसऱ्या दिवशी शाळेत नऊ पोरं आली आणि तिसऱ्या दिवशी सहा. आली तीही नुसती बसलेली असायची. मी फळ्यावर वजाबाकी लिहीत असायची आणि त्यांचे कान खिडकीबाहेर असायचे. पानं जरा सळसळली की सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा. आता भित्र्या बाईकडे बघून कुणाला धीर येणार? मी खडू घट्ट धरून ठेवायची, एवढंच.

शाळेची वेळ बदलली. साडेनऊला भरायची, चारला सुटायची. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली की मुलांनी एकट्यादुकट्याने जाऊ नये, घोळक्याने जावं, काठीला घुंगरू बांधावं आणि वाटेने मोठमोठ्याने बोलत राहावं. ती माणसं गेल्यावर सर बराच वेळ हापशाकडे बघत बसले. मग म्हणाले, "रोज रोज मोठ्यानं बोलणार तरी काय? पाढे म्हणूया."

तेवढ्या एका वाक्यातून आमची चालती शाळा निघाली. लांबच्या वस्त्यांवरची दहा पोरं होती. त्यांना आम्ही एका रांगेत आणायचो आणि एका रांगेत सोडायचो. शाळेपासून चिंचेच्या झाडापर्यंत उसातून जाणारी पाणंद, म्हणजे दोन्हीकडून फड आणि मधे जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी वाट. चिंचेपाशी आया उभ्या असायच्या. पुढे घुंगराची काठी घेतलेली मी, सगळ्यात मागे सर आणि मधे पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत चाललेली. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. ज्या पोरांना सातच्या पुढे पाढा येत नव्हता, ती महिन्याभरात एकोणीसवर आली. भीतीने म्हणा, लयीने म्हणा, पण आली. झेंडू तोडणाऱ्या बायका फुलं तोडता तोडता पुढचं म्हणायच्या. कुणी चुकलं तर उसात पाणी भरणारा गडी आतूनच चूक सुधारायचा, आणि तो आतून आलेला माणसाचा आवाज ऐकला की मला त्या फडाची तेवढी भीती वाटायची नाही.

वाटेत तीन ठिकाणी हजेरी व्हायची. लाइटचा खांब, पाटाची मोरी आणि विहीर. तिथे पाढा थांबायचा आणि पुढून मागे एकेकाने आपला आकडा ओरडायचा. एक! दोन! तीन! दहा झाले की पुढे चालायचं. ही कल्पना माझी. मला मागे वळून बघायची भीती वाटायची म्हणून मी ती काढली होती, पण सगळ्यांनी तिला हुशारी म्हटलं.

शनिवारी शेवटचा अर्धा तास आम्ही भीतीचा ठेवला. त्या आठवड्यात कोण कशाला घाबरलं ते ज्याने त्याने सांगायचं. हसायचं नाही, हसायचंच तर बाईंना हसायचं, हा नियम. मीच सुरुवात करायची. मी पालीची गोष्ट सांगितली, साहेबांची सांगितली, आणि पोरं पोट धरून हसली की मग त्यांची तोंडं सुटायची. एका पोराला वाघापेक्षा रात्री लघवीला बाहेर जायची भीती होती. एकीला आजोबांच्या खोकल्याची होती. सांगून झालं की चेहरे जरा हलके दिसायचे. पटावरची सगळी पोरं पुन्हा यायला लागली.

मग काय, आमचा नवोपक्रम झाला. मी अहवाल लिहिला. उद्दिष्टे, कार्यवाही, फलनिष्पत्ती, सोबत फोटो. शिक्षण परिषदेत मला उभं करून बोलायला लावलं. एक साहेब स्वतः आले, पाणंदीतून दोनशे पावलं चालले, व्हिडिओ काढला आणि "व्वा" म्हणाले. मला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या साहेबाने व्वा म्हटलं होतं. तो व्हिडिओ मी किती जणांना पाठवला ते आता सांगायची लाज वाटते.

दिवाळीनंतर तळेघरच्या बाजूचं एक कुटुंब खाली आलं. वर भात काढून झालं की त्या डोंगरातली बरीच माणसं कांदा लावायला, मजुरीला आमच्याकडे उतरतात. आई पोरीचा हात धरून शाळेत आली. पोरगी दुसरीची, अंगाने बारीक, डोळे मोठे. मी नाव विचारलं तर आईनेच सांगितलं.

"बोलत न्हाई ती, बाई," आई म्हणाली. "आदी बोलायची. लई बोलायची. हितं आलो आन् आठ दिस झाले न्हाईत तं वाघानं कुत्रं नेलं. तिच्या पायापाशी निजलेलं. तवाधरनं तोंड मिटलंय."

 मी "अरेरे" म्हटलं, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला पहिल्या बाकावर बसवलं. दुसरं काही विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. तिच्या मौनाचं काय करायचं याचा विचार मात्र मी लगेच सुरू केला, कारण तोच आता माझा विषय झाला होता.

रांगेत तिला सातवा आकडा मिळाला, मागच्यांचे आकडे एकेकाने पुढे सरकले आणि रांग अकराची झाली. पहिले तीन दिवस हजेरी सहावर येऊन थांबायची. मी पुढे उभी, मागे नुसता सळसळणारा ऊस, आणि सात येत नाही. मी काठी आपटून घुंगरू वाजवत राहायची. तिच्या पुढची, सहा नंबरची पोरगी म्हणजे शाळेतली सगळ्यात बडबडी. चौथ्या दिवशी तिनेच तोडगा काढला. आपला आकडा ओरडला आणि त्याच दमात मागचीचाही. "सहा सात!" मागून आठ आला आणि रांग चालू लागली.

मी चालवून घेतलं. नुसतं चालवून घेतलं नाही, अहवालाच्या पुरवणीत लिहिलं, "अबोल विद्यार्थिनीस सहाध्यायीचा आवाज मिळाला." ते वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते सरांना दोनदा वाचून दाखवलं. सर म्हणाले, "चांगलंय. पण तिचा आकडा तिनं म्हटला पाहिजे." मी मनात म्हटलं, झालं, निवृत्तीला आलेल्या माणसाला नवं काही पचत नाही.

शनिवारच्या तासाला ती गप्प बसायची. मी म्हणायची, "असू दे, पुढच्या शनिवारी सांग." असे पाच-सहा शनिवार गेले.

त्या दिवशी सर जुन्नरला बैठकीला गेले होते आणि मी एकटी होते. चारला पाच मिनिटं असताना ग्रुपवर एक लिंक पडली. माहिती तातडीने, आजच पाचपर्यंत, न भरणाऱ्यांचा खुलासा घेतला जाईल. खुलासा हा शब्द वाचला की मला दुसरं काही दिसत नाही. जवळची पोरं घरी गेली. अकरा जणांना मी मैदानात खेळायला सांगितलं आणि फोन उंच धरून व्हरांड्यात फिरत बसले, कारण रेंज फक्त पायरीच्या डाव्या टोकाला यायची. पान उघडायचं, अर्धं भरून व्हायचं आणि जायचं. चिंचेपाशी थांबलेल्या आयांना उशीर होतोय असा निरोप मी दिला. माहिती गेली तेव्हा सव्वापाच वाजले होते.

ऊन डोंगरामागे गेलं होतं. डिसेंबरात आमच्याकडे एकदा ऊन गेलं की अंधार भराभर येतो. मी धावत खोल्यांना कुलपं लावली, दप्तरं पाठीवर घ्या म्हणून ओरडले, पोरांना रांगेत उभं केलं आणि निघाले. मागे सर नव्हते, म्हणून अकरा नंबरच्या मोठ्या पोरीला सांगितलं की तू मागे बघत राहा. ती बिचारी अकरा नंबरला चालत होती, तिच्या मागे कुणी नव्हतंच. तिने मागे बघितलं. सात नंबरची जागा तिच्या पुढे होती.

पाढे त्या दिवशी कधी नव्हे इतक्या मोठ्याने झाले, आणि सगळ्यांचे डोळे पुढच्याच्या पाठीवर नाही, उसावर होते. खांबापाशी हजेरी झाली. मोरीपाशी झाली. विहिरीपाशी झाली. तिन्ही वेळा अकरा.

चिंचेपाशी आया उभ्या होत्या. एकेक पोर सुटत गेलं. शेवटी एक बाई तशीच उभी राहिली. ती रांगेच्या मागे बघत होती, रांग संपली होती त्याच्याही मागे.

"बाई," ती म्हणाली, "माजी कुठंय?"

मी वळले. पाणंद रिकामी होती. मी बडबड्या पोरीकडे बघितलं. तिचा चेहरा हळूहळू बदलला आणि ती रडायलाच लागली. "मी सवयीनं म्हटलं, बाई. मला वाटलं मागं हाय. ती कधी बोलतच न्हाई ना."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हे लिहायला सोपं आहे. खरं म्हणजे मला ऐकू येईनासं झालं. समोरच्या बायांची तोंडं हलत होती आणि माझ्या डोक्यात फक्त माझाच आवाज होता, अहवाल वाचून दाखवतानाचा. बडबड्या पोरीला तिच्या आईच्या हवाली केलं आणि मी आणि ती आई आल्या वाटेने पळत सुटलो.

आई हाका मारत होती. मीही मारत होते. पहिल्या शंभर पावलांतच माझ्या लक्षात आलं की आम्ही अशा पोरीला हाका मारतोय जी ओ देणार नाही. ती चार हातांवर उसात बसली असली तरी आम्हाला कळणार नव्हतं. उसाकडे बघावं तर तो सगळीकडे सारखाच दिसतो. वारा नसताना एका ठिकाणी वाळकं पाचट करकरलं. आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. आई त्या आवाजाच्या दिशेने आत शिरली. मी शिरले नाही. हे मला सांगायला हवं. माझे पाय उचललेच नाहीत. मी बांधावर उभी राहून घुंगराची काठी आपटत राहिले आणि "बाहेर या, अहो बाहेर या," म्हणत राहिले. आई बाहेर आली. मुंगसं होती म्हणाली. तिच्या गालावर उसाच्या पात्याने चिरा पडल्या होत्या.

तोवर आरडाओरड ऐकून पाणी भरणारा गडी आला. त्याने फोन लावले. मोटारसायकली आल्या, बॅटऱ्या आल्या, कुणी डबा वाजवू लागलं. मोरीच्या अलीकडे ओल्या मातीत ठसे दिसले आणि दोघांचा वाद सुरू झाला. एक म्हणाला सकाळचे, दुसरा म्हणाला सकाळी पाणीच नव्हतं हितं. आई त्या ठशांशेजारी खाली बसली. तिने मातीवर हात ठेवला आणि मग माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "बाई, तुमी मोजलं व्हतं ना?"

 मोजलं होतं, तीनदा मोजलं होतं.

मला सुचलं ते एवढंच की शाळेत परिपाठाचा, सेलवर चालणारा माइक आहे, तो घेऊन यावा. माइकवरून आईचा आवाज लांबवर जाईल. मी धावले, आई मागोमाग धावली. व्हरांड्यात अंधार होता. मी चाचपडत कुलूप काढलं आणि दार ढकललं.

दार उघडेना.

मी खांद्याने ढकललं. पुन्हा ढकललं. कुलूप माझ्या हातात होतं आणि दार आतून घट्ट. दोन क्षण मला खरंच वाटलं की आत वाघ आहे, इतकी माझी अक्कल गेली होती. मग कळलं की वाघ कडी लावत नाही.

आईने खिडकीच्या गजांना तोंड लावलं आणि मोबाइलची बॅटरी आत टाकली. कपाट आणि भिंत यांच्या सापटीत पोरगी बसली होती. झोपलेली नव्हती. दप्तर मांडीवर घेऊन, डोळे उघडे ठेवून, शहाण्यासारखी बसली होती. आईने तिला नावाने हाक मारली. ती उठली, बाक सरकवला, त्यावर चढली आणि वरची कडी काढली. मग खालची.

आईने आधी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिला उराशी धरून खालीच बसली. मी भिंतीला टेकले. मी रडत होते, तेही मोठ्याने, पोरीसमोर. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "घावली काय?" आणि कुणीतरी ओरडून सांगितलं, "घावली, घावली, शाळंतच व्हती!"

"हितं कशापाई बसलीस गं?" आई विचारत होती. "जीव गेला असता माजा. हितं कशापाई?"

पोरीने आईकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. घोगरा होता, बरेच दिवस न वापरलेला.

"हितं कडी हाय," ती म्हणाली.

मला तेव्हा अर्थ लागला नाही. तो लागला त्यांना घरी सोडायला गेले तेव्हा. तोवर मी कधी चिंचेच्या पुढे गेलेच नव्हते. माझी चालती शाळा चिंचेपाशी संपायची. चिंचेपासून दोन बांध ओलांडले की उसाला लागूनच एक शेड होतं, खतं आणि औषधं ठेवायचं. तीन बाजूंनी पत्रा, आणि चौथ्या बाजूला दोन खिळ्यांवर बांधलेली साडी. साडीच्या पलीकडे चूल, भांडी, गोधड्या. साडीपासून उसापर्यंत मी मोजली तर आठ पावलं भरली. बाप नुकताच दुसऱ्या गावाहून आला होता आणि शेडपुढे जाळ करून बसला होता. तो रोज पहाटेपर्यंत तसाच बसायचा, असं आईने सांगितलं.

कुत्रं पायापाशी निजलेलं होतं. वाघाने ते नेलं. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वाघ पोरीच्या पायापाशी आला कसा, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही. मी तिच्या गप्प बसण्यावर उपक्रम करत होते. आणि इकडे दोन खोल्या, जाड भिंती, लोखंडी गज आणि वर-खाली कड्या असलेली शाळा मी रोज संध्याकाळी रिकामी करून कुलूपबंद करत होते, आणि पोरीला पाढे म्हणत म्हणत त्या साडीमागे आणून सोडत होते.

सकाळी मी सरांना सगळं सांगितलं. ते उठले आणि मला मागच्या अंगाला घेऊन गेले. शाळेच्या मागे एक तिसरी खोली होती, छप्पर बसलेली, धोकादायक म्हणून बंद केलेली. तिचं दार मात्र सागवानी होतं, चौकटीसकट शाबूत. आम्हा दोघांच्या मनात एकच आलं आणि दोघांनाही ते बोलवेना. त्या खोलीच्या निर्लेखनाची, म्हणजे ती सरकारी यादीतून काढून टाकायची, मंजुरी आली नव्हती, म्हणजे कागदोपत्री ती अजून सरकारी खोली होती आणि दार सरकारी दार. त्याचा एक खिळा काढायचा तरी वरून कागद यावा लागतो.

"बाई," सर म्हणाले, "माझी पेन्शन आहे हो पुढ्यात."

"मग तुम्ही बघू नका," मी म्हणाले. हे मीच म्हणाले यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मला धीर आला होता असं नाही. साहेबांची भीती होती तशीच होती. फक्त आदल्या संध्याकाळी त्या मातीवर ठेवलेला हात मी बघितला होता आणि त्याच्यापुढे खुलासा हा शब्द जरा लहान वाटत होता.

सरांनी खरंच बघितलं नाही. पाठ करून उभे राहिले, पण पहार कुठे ठेवलीय ते तेवढं सांगितलं. बडबड्या पोरीचा बाप आणि पाणी भरणारा गडी दोघे आले आणि दुपारभर खपून त्यांनी चौकट मोकळी केली. चारला रांग निघाली. पुढे मी, मागे सर, मधे अकरा पोरं आणि पोरांच्या मधोमध ते दोघे आणि वस्तीवरचे आणखी दोघे अशा चौघांच्या खांद्यावर चौकटीसकट दार. म्हणून मी शाळेचं नाव सांगत नाही. ते दार अजून कागदावर जागच्या जागी आहे आणि कुठल्याही अहवालात या उपक्रमाची नोंद नाही.

सात नंबरची पोरगी दाराच्या बाजूने चालत होती. तिने त्याला एक हात लावून धरला होता, जणू तिने तो सोडला असता तर ते खाली पडलं असतं.

बापाने दोन मेढी पुरल्या, चौकट बसवली, फटींना पत्रे ठोकले. सगळं होईस्तोवर दिवस मावळला. माणसं हातपाय धुवायला पाटावर गेली. आई चुलीसाठी काटक्या गोळा करत होती. मी एकटीच दारापुढे उभी होते, कारण मला ते एकदा मिटलेलं बघायचं होतं. पोरगी आत गेली. तिने दार लोटलं. वरची कडी लागली, मग खालची.

पाठीमागे आठ पावलांवर ऊस होता. मी मुद्दाम वळले नाही. 

"कोण हाय?" आतून आवाज आला.

"मी आहे. बाई."

 मग खालची कडी निघाली, मग वरची, आणि दार तिच्या अंगाएवढंच उघडलं.

"आत या बाई," ती म्हणाली. "भायेर लई भ्या वाटतं."

मी वाकून आत गेले आणि तिने माझ्यामागे कडी लावून घेतली.